बरणीवाल्या पाहुण्याचं शेवटचं रीळ

पिक्चरच्या धंद्यात जन्म गेला म्हटलं, की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो आणि हळूच विचारतो, "मग कोणकोणत्या नट्या पाहिल्या?" एकही नाही, बाबा. मी पिक्चरच्या फक्त कडा पाहिल्या, आणि त्याही बोटांनी.

आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण वऱ्हाडातल्या गावोगावी लागणारे पिक्चर एके काळी आमच्या अमरावतीहून जायचे. वितरकांच्या कचेऱ्या इथं होत्या. अशाच एका कचेरीत मी फिल्म चेकर होतो. पिक्चर म्हणजे काही एकच लांबलचक पट्टी नसायची. रिळं असायची, प्रत्येक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात. टॉकीजमधून डबे परत आले की माझ्या टेबलावर यायचे. एका चरख्यावरून पट्टी सोडायची, दुसऱ्यावर गुंडाळायची आणि मधे तिची कड अंगठा-तर्जनीतून सरकू द्यायची. कडेला बारीक चौकोनी भोकं असतात, त्यांतच मशीनचे दाते अडकून पट्टी पुढं जाते. एखादं भोक फाटलं असेल तर बोटाला खटकतं. खटकलं की थांबायचं, कापायचं, खरवडायचं, चिकटवायचं आणि पुढं जायचं.

काम सोपं वाटतं, पण जीव टांगणीला असायचा. माझ्या बोटांतून एक फाटका कोपरा निसटला, तर पुढच्या गावात ऐन मारामारीत पट्टी तुटणार, अंधारात शिट्ट्या सुरू होणार आणि लोक खुर्च्या मोडणार. रात्री जेवताना मी भाकरीची कडसुद्धा चाचपायचो. बायको म्हणायची, "जेवा आता, भाकरी कुठं तुटत नाही."

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. एका टॉकीजचा ऑपरेटर त्याच्या लाडक्या नटीचं हसणं कापून ठेवून घ्यायचा. तिकडून प्रिंट आली की बाई एकदम रडताना दिसायची. दुसऱ्या एका मालकाला पिक्चर लांब वाटला, की तो मधलं एखादं रीळ लावायचाच नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "त्यात फक्त कोर्टाची भानगड होती."

पण मला सांगायचं आहे ते बरणीवाल्या पिक्चरबद्दल.

तो इंग्रजी होता, काळापांढरा होता आणि आमच्याकडे आला तेव्हाच जुना झालेला होता. त्याचं खरं नाव डब्यावर लिहिलेलं होतं, पण वऱ्हाडात ते कोणी उच्चारलं नाही. आकाशातून एक प्राणी समुद्रात पडतो. त्याच्या डोक्यावर काचेचं गोल झाकण असतं, म्हणून तो झाला बरणीवाला पाहुणा. समुद्राकाठच्या दीपस्तंभात एक म्हातारा एकटाच राहत असतो. तो त्याला घरात घेतो, चूल पेटवून ऊब देतो. एवढीच गोष्ट. पाहुण्याचं यान आकाशातून येतं तेव्हा त्याला वरून तार बांधलेली आहे, हे मी भिंगातून स्वच्छ पाहिलं होतं. लोकांना ती दिसली नाही, की दिसूनही त्यांनी मनावर घेतली नाही, देव जाणे.

टॉकीजवाले असला पिक्चर घेत नसत. तो जायचा यात्रांमधल्या तंबूंत, आणि तिथं इंग्रजी कोणाला कळणार? म्हणून तंबूत एक समजावणारा असायचा. पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसायचं, हातात माइक घ्यायचा आणि जे चाललंय ते आपल्या भाषेत सांगायचं. आमचा समजावणारा होता याकूबभाई.

याकूबभाई मूळचा अकोल्याचा शिंपी. धंद्यात त्याचं नाव होतं ते कॉलरीसाठी. 'याकूबभाईची कॉलर कधी पडत नाही' असं अकोल्यात म्हणायचे, आणि ती कशानं उभी राहते हे तो कोणाला सांगायचा नाही. माझ्या लग्नातला सदरा त्यानंच शिवला. कॉलर इतकी ताठ, की लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी नाकासमोर पाहतोय. बायकोकडे वळून पाहिलंय असा एकही फोटो नाही.

यात्रांच्या दिवसांत कचेरीचा माणूस म्हणून मी प्रिंटबरोबर जायचो आणि मशीनजवळ बसायचो. याकूबभाईचे आणि माझे ठोके ठरलेले होते. माइकवर बोटानं एक ठोका म्हणजे पिक्चरचा आवाज कमी कर, मला बोलायचंय. दोन ठोके म्हणजे वाढव. आणि तीन ठोके म्हणजे झडप पाड, मशीन बंद कर. वावटळ तंबू उचलायला लागली किंवा एखादा बैल दावं तोडून आत शिरला, तरच तीन ठोके पडायचे. ते ऐकले की कारण विचारायचं नाही, आधी बंद करायचं, हा आमचा नेम.

दीपस्तंभ वऱ्हाडात कोणी पाहिलेला? कापसाच्या जिनिंग कारखान्यांची उंच धुराडी मात्र सगळ्यांनी पाहिलेली. याकूबभाई सांगायचा, "हे समुद्राकाठचं जिनिंगचं धुराडं हाये. जहाजाइले रस्ता दिसाले पायजे म्हून वर दिवा लावला." लोकांना लगेच पटायचं. तो पाहुणा काचेतून टकामका पाहायला लागला, की हा म्हणायचा, "बिचाऱ्याले लेकरं आठोन राह्यले." पुढं पाहुणा आजारी पडतो, म्हातारा घाईघाईनं फोन लावतो. याकूबभाई म्हणायचा, "डाक्टरले बलावून राह्यला." मग दूरच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे दिसतात, पाहुणा खिडकीतून त्या दिव्यांकडे पाहतो, आणि आमची प्रिंट तिथं संपायची.

संपायची म्हणजे काय, शेवटचं रीळ हरवलं होतं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, पहिल्याच फेरीत, मी तापानं पडलो म्हणून प्रिंट माझ्या टेबलावर न येताच गेली, आणि हिवरखेडच्या खेळानंतर पार्सल रेल्वेनं परत आलं, त्यात एक डबा कमी. कचेरीच्या मालकांनी, शेटजींनी, मला उभं केलं आणि जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मी बडनेऱ्याची पार्सल खोली पालथी घातली. डबा चुकून पुढं गेला असेल म्हणून चांदूर रेल्वेपर्यंत जाऊन आलो. रेल्वेवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. रीळ काही मिळालं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत हरवलेलं ते एकमेव रीळ, आणि ते मला स्वप्नात दिसायचं. अजून दिसतं.

पण धंदा थांबला नाही, कारण शेवट याकूबभाईनं आपल्या जवळचा लावला. पडदा पांढरा झाला की मी दिवा बारीक करायचो आणि तो अंधारात सांगायचा, "गाड्या आल्या. डाक्टर आला. पाव्हना बरा झाला. निंगते टायमाले म्हाताऱ्याले म्हने, येतो मी. अन् या खेपेले तुही माही वयख नोयती म्हून बरणी घालून आलतो. पुन्हा येईन तवा बरणी काढून येईन."

बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आणि ते वाक्य वऱ्हाडात राहिलं. अजूनही जुन्या घरांत पाहुणा निरोप घेताना म्हणतो, "येतो, बरणी काढून येईन." नव्या सुनांना कळत नाही हे काय आहे.

मग टॉकीजमधून डबे गेले, कचेऱ्या बंद पडल्या, प्रिंटा भंगारात गेल्या. माझी बोटं रिकामी झाली. मला वाटलं, बरणीवालाही गेला. पण गेल्या वर्षी राजापेठेतल्या एका फिल्म क्लबची मृणाल माझ्या घरी आली. कॉलेजात शिकवते, हुशार मुलगी. म्हणाली, "काका, कोणीतरी मोबाइलवर या पिक्चरबद्दल दोन ओळी टाकल्या, तर वऱ्हाडातली माणसं कुठून कुठून लिहायला लागली. पुण्याहून, परदेशातून. सगळ्यांना ते बरणीचं वाक्य पाठ आहे. आपण तो पिक्चर दाखवू या. आणि याकूबचाचांना बोलवू या, समजवायला."

मला आनंद झाला. ही माणसं एवढी कशासाठी झुरतात याचा मी विचार केला. त्या काळी अशा पिक्चरांतला उद्या किती मोठा असायचा. आकाशातून कोणी येणार, आपण कुठं तरी जाणार. तो उद्या येऊन गेला आणि हातात फक्त मोबाइल राहिला. म्हणून माणसं तारेला टांगलेल्या यानाकडे परत पाहतात, असं मला वाटतं.

खेळाच्या आधी मृणालनं इंटरनेटवरून मिळवलेला पिक्चर तिच्या संगणकावर तपासायला मला बसवलं. चेकर ना मी. सगळं ओळखीचं होतं. गाड्यांचे दिवे दिसले, पाहुणा खिडकीशी आला, आणि मी उठायला लागलो. पण पिक्चर संपलाच नाही.

गाड्या थांबल्या. त्यातून डॉक्टर नाही, बंदुका घेतलेले सैनिक उतरले. म्हाताऱ्यानं दार उघडलं आणि बोटानं जिना दाखवला. फोन त्यानं त्यांनाच केला होता. त्यांनी पाहुण्याला खाली आणलं, आणि वाळूत गोळ्या घातल्या. बरणी फुटली. आत एक साधा, घाबरलेला चेहरा होता.

माझी बोटं उगाचच संगणकाची कड चाचपायला लागली. इतकी वर्षं ज्या रिळाला शोधत होतो ते हे होतं.

"काय झालं, काका?" मृणालनं विचारलं.

"हे दाखवायचं आहे?"

"अर्थात. हाच तर पिक्चरचा खरा शेवट आहे." तिचंही बरोबर होतं.

मला झोप येईना. हॉलभर माणसं बसणार, ती सगळी याकूबभाईची गोष्ट उरात घेऊन येणार, आणि त्याच्यासमोर, त्याच्याच हातात माइक असताना, पडदा सांगणार की हा माणूस खोटं बोलत होता. म्हातारा पार ऐंशीच्या पुढं गेलेला. असं काही झालं तर तो त्या स्टुलावरून उठेल का?

दुसऱ्या दिवशी मी बसनं अकोल्याला गेलो. याकूबभाईचं दुकान आता मुलगा सलीम चालवतो, पण म्हातारा रोज मशीनवर बसतो. दाराशीच सलीमनं मला अडवलं.

"काका, रागावू नका, पन अब्बाले तमाशा बनवून राह्यले का तुमी? आजकालचे पोट्टे हसतीन त्यायले. घरी कोनी हसलं तरी दोन दोन दिवस बोलत नाईत थे."

मी चपला काढल्या. आत याकूबभाई तोंडात टाचण्या धरून एका शर्टाचं माप लावत होता. शेजारी त्याचा नेहमीचा जुना, गोल, पत्र्याचा डबा होता, बटणांचा. भिंतीवर इस्तरी केलेली शेरवानी टांगलेली, रविवारच्या खेळासाठी. ती शेरवानी पाहून माझं धाडस निम्मं झालं.

"याकूबभाई," मी म्हटलं, "मृणालपाशी जो पिक्चर हाये, थो पुरा हाये."

त्यानं टाचण्या काढल्या. "पुरा म्हंजे?"

"शेवटचं रीळ हाये त्याच्यात."

त्यानं टाचण्या एकेक करून कापडात खोचल्या. मला वाटलं, आता विचारेल, काय आहे त्यात? मी काय सांगणार होतो कोण जाणे. पण त्यानं विचारलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "तू मशीनपाशी बसजो. ठोके ध्यानात हायेत ना?"

"हायेत."

"मंग कायची फिकीर? चाय पी."

म्हाताऱ्याला कळलंच नाही, असं वाटून मी परत आलो.

रविवारी दुपारी राजापेठेतला हॉल भरून गेला. खाली ट्यूशन क्लासच्या गाड्यांचा गलका, वर पांढऱ्या केसांची माणसं नातवंडांना घेऊन आलेली. मी मृणालच्या शेजारी लॅपटॉपजवळ बसलो. आवाज कसा कमीजास्त करायचा ते विचारून घेतलं. चित्र कुठल्या बटणानं बंद होतं तेही विचारलं. का विचारलं, मलाच माहीत नाही. सलीम भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

दिवे गेले. याकूबभाईनं माइकवर एक ठोका दिला आणि माझं बोट आपोआप हललं.

आवाज कापरा झाला होता, पण माणूस तोच. जिनिंगचं धुराडं आलं आणि हॉल हसला, प्रेमानं हसला. मागच्या रांगेतली दोन पोरं मात्र तारेकडे बोट दाखवून खिदळत होती, आणि सलीम त्यांच्याकडे पाहत होता. "लेकरं आठोन राह्यले," याकूबभाई म्हणाला, आणि पोरंही गप्प झाली. मी पिक्चर पाहतच नव्हतो, पुढं येणाऱ्या गाड्यांची वाट पाहत होतो. नोकरीत जसं फाटक्या भोकाची वाट पाहायचो तसं.

म्हाताऱ्यानं फोन लावला. "डाक्टरले बलावून राह्यला." पहिल्या रांगेतली एक बाई पदराला हात घालून तयारच होती. दूरच्या रस्त्यावर दिवे दिसले. पाहुणा खिडकीशी आला. गाड्या जवळ आल्या. आजपर्यंत त्या एवढ्या जवळ कधी आल्या नव्हत्या. गाडीचं दार उघडलं. एक बूट जमिनीवर टेकला.

टक. टक. टक.

मी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मृणाल माझ्या कानाशी म्हणाली, "काका! काय केलंत? अजून राहिलाय पिक्चर."

"आमच्याकडे एवढाच यायचा," मी म्हटलं. तिनं हात पुढं केला, आणि मी लॅपटॉपवर माझा हात ठेवून दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागं घेतला. याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

अंधारात याकूबभाईचा आवाज आला, कापरा नसलेला. "गाड्या आल्या. डाक्टर आला. पाव्हना बरा झाला..."

शेवटचं वाक्य त्यानं एकट्यानं म्हटलं. कोणी त्याच्या सुरात सूर मिसळला नाही. ते ऐकायला आले होते. मग टाळ्या पडल्या, आणि सलीम भिंतीपासून निघून सरळ बापाजवळ गेला व त्याच्या हातातला माइक अलगद काढून घेतला. मागच्या एका पोरानं मोठ्यानं विचारलं, "चाचा, पण खरा शेवट काय आहे?" याकूबभाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "म्या सांगतला ना, बेटा." एवढंच म्हणून तो स्टुलावरून उतरला.

अकोल्याला निघण्याआधी बापलेक माझ्या घरी चहाला आले. सलीम गाडीत हवा भरायला गेला, तेव्हा मी विचारलं, "तीन ठोके कावून देल्ले? तुमाले थोडीच माहीत होतं पुढं काय हाये थे."

याकूबभाई बशीत चहा ओतत होता. "मले माहीत नसीन तं कोनाले माहीत असीन? हिवरखेडले पयल्या खेळाले पुरा दाखोला होता. तू त्या टायमाले तापानं पडेल होता, आठोते? म्याच समजावला. म्हाताऱ्यानं पकडून देल्लं, गोया घातल्या, बरणी फुटली, समदं सांगतलं. लोकं उठतच नाईत. मंग एक बुढी माह्यापाशी आली. म्हने, 'बाप्पा, घरी आलेल्या पाव्हन्याले कोनी मारते का? कावून सांगतलं तू असं?' म्या! जसा म्याच मारला त्याले."

तो चहा प्यायला.

"मंग थे रीळ मी घरी नेलं," तो म्हणाला.

"याकूबभाई, मी बडनेरा पालथं घातलं! शेटजीनं माही सालं काढली!"

"ठाऊक हाये. तुह्यासाठी लय वाईट वाटलं मले. पन त्या बुढीले मी काय सांगनार होतो?"

मला राग आला होता, खरंच. इतक्या वर्षांची माझी झोप या माणसाच्या घरात पडून होती. "डबा कोठी हाये?"

"डब्यात तं बटनं ठेवतो. तू कालपरवा पाह्यला."

बटणांचा डबा! गेली कितीतरी वर्षं मी त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतो, आणि मी म्हणे फिल्म चेकर.

"अन् पट्टी? पट्टी कुठं गेली?"

त्यानं बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून मिस्कील हसला. "माही कॉलर कधी पडत नाई, असं म्हनते ना अकोला? बारीक बारीक काप करून समदी पट्टी कॉलरीत घातली. कोनाच्या गयात हाये थो म्हातारा, कोनाच्या गयात बंदुका. थो शेवट कोनाले साबूत सापडला नाई."

बाहेर सलीमनं हॉर्न दिला. याकूबभाई उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येतो, बंडू." बरणीचं वाक्य त्यानं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

गाडी गेल्यावर मी आत आलो आणि कपाटातून लग्नातला सदरा काढला. बायको म्हणाली, "आता हे काय नवीन?" मी कॉलरीची कड अंगठा-तर्जनीत धरली आणि हळूहळू सरकवली, टेबलावर सरकवायचो तशी. कापडाखाली बोटाला एक चौकोनी भोक लागलं. मग दुसरं. मग ओळीनं सगळी.

बायकोनं शिवणाच्या डब्यातली कात्री पुढं केली. मी ती तिला परत दिली आणि सदरा पुन्हा घडी करून ठेवला.